जुन्या सायकलींची फेरी काढायची आहे? मग आधी मिस्त्री गाठा

आम्ही काही मित्र आणि शेजारी दर ऑक्टोबरला पुण्यात जुन्या सायकलींची फेरी काढतो. पहिल्या वर्षी अकरा सायकली निघाल्या आणि चारच शेवटपर्यंत पोचल्या. उरलेल्या सात टेम्पोत घालून आणाव्या लागल्या. कुणाचा कॉटर (पायडलाचा दांडा धरणारी पाचर) सुटला, कुणाची ट्यूब सांध्यावर फाटली, कुणाचं मागचं चाक वाटेतच जाम झालं. चूक सर्वस्वी आमची होती. टोप्या, फेटे, बॅनर यांत आम्ही तीन आठवडे घालवले आणि सायकलींवरून आदल्या रात्री नुसतं फडकं फिरवलं. तेव्हापासून आमचा क्रम उलटा झाला. पहिल्यांदाच अशी फेरी काढू पाहणाऱ्यांसाठी तो क्रम इथे लिहितो. उदाहरणं पुण्याची आहेत, पण सांगली, नाशिक, मडगाव कुठेही काम याच वाटेने जाईल.

तारीख ठरवा, पण कारणासकट

संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन जाहीर केला, त्यामुळे पहिल्यांदा सगळ्यांच्या तोंडी हीच तारीख येते. आपल्याकडे त्या आठवड्यात एकतर अंग भाजणारं ऊन असतं, नाहीतर वळवाची सर. जुन्या सायकलीचा रॉड ब्रेक (तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढला जाणारा) ओल्या रिमवर जवळजवळ लागतच नाही. म्हणून नवख्या गटाने जूनच्या वाटेला जाऊ नये.

आम्ही १५ ऑक्टोबरच्या जवळचा रविवार धरतो. १५ ऑक्टोबर १९२३ ला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन असं करत १८ मार्च १९२८ ला मुंबईत परतले. चार वर्षं पाच महिने, आणि सुमारे ७१,००० किलोमीटर! गिअर नाही, हलकी चौकट नाही, वाटेत धड नकाशेही नाहीत. ही गोष्ट मी दर वर्षी सुरुवातीला सांगतो आणि दर वर्षी निम्म्या लोकांनी ती पहिल्यांदाच ऐकलेली असते. आपल्याच राज्यातून निघालेली ही माणसं आपल्या मुलांना ठाऊक नसावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या गावाला तुमची तारीख सापडेल. एखाद्या कारखान्याचा पहिला भोंगा, पन्नास वर्षं चाललेल्या सायकल दुकानाचा वर्धापनदिन, काहीही चालेल. कारण असलं की फेरीला बोलायला विषय मिळतो.

कोणती सायकल घ्यायची

अशा फेऱ्या जगात इतरत्रही निघतात. इटलीत टस्कनीच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर १९९७ पासून 'लेरोईका' भरते. तिथे १९८७ च्या आधीच्या बनावटीच्या रेसिंग सायकली लागतात. लंडनमध्ये २००९ मध्ये 'ट्वीड रन' सुरू झाली, तिथे भर पोशाखावर आहे. आम्ही दोन्हींकडून थोडं थोडं घेतलं आणि नियम आपल्याकडच्या सायकलीवरून बेतला. रॉड ब्रेकची कोणतीही सायकल, किंवा १९९० च्या आधीची कोणतीही लोखंडी सायकल चालते. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याने आहे ती सायकल घेऊन मागच्या तुकडीत यावं. कुणाला परत पाठवू नका.

सायकली दिसतात त्याहून खूप जास्त शिल्लक आहेत. माळ्यावर, जिन्याखाली, वाड्याच्या मागच्या बोळात, गोठ्यात विचारा. "आजोबांची आहे, पडून आहे" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. सुट्टे भाग, जुनी घंटी, डायनॅमो, पुढचा दिवा हवा असेल तर बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक चक्कर मारा. एक मात्र पाळा. दूधवाल्याची, इस्त्रीवाल्याची, पाववाल्याची सायकल 'जुनी छान दिसते' म्हणून मागून आणू नका. त्यावर त्यांचं पोट आहे. त्यांनाच सन्मानाने बोलवा आणि त्या सकाळचा बुडालेला धंदा भरून द्या.

सायकल कोणती हे ओळखायचं तर नवा माणूस चौकटीवरचं नाव शोधतो, आणि ते बहुतेक वेळा रंगाखाली गेलेलं असतं. तुम्ही पायडलाजवळचं दातेरी चक्र बघा. जुन्या विलायती सायकलींपैकी रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी कोरलेली असतात. हंबरच्या चक्रात पाच माणसं एकमेकांच्या मागे पळताना दिसतात. रजच्या चक्रात उघडा पंजा असतो. बीएसए ही मुळात बर्मिंगहॅमची बंदुकांची कंपनी, त्यामुळे तिच्या खुणेत तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसतात. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब (चाकाचा मधला भाग) असेल तर त्यावरची घाण पुसून बघा. अनेक हबांवर अक्षरांच्या शेजारी बनावटीच्या वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. असा आकडा सापडतो तेव्हा घरातले सगळे सायकलीभोवती जमतात. मी हे कितीतरी घरांत पाहिलंय.

विलायती नाव नसेल तर सायकल कमी प्रतीची, असं मुळीच समजू नका. स्वातंत्र्यानंतर सेन-रॅले ही कंपनी आसनसोलला आणि टीआय सायकल्स मद्रासला सायकली बनवू लागली. मुंबईची हिंद, सोनीपतची ॲटलास आणि लुधियानाची हिरो यांनी तर निम्मा देश कामावर नेला.

मिस्त्री

आता खरं काम. फेरीच्या निदान सहा आठवडे आधी मिस्त्री गाठा. चकाचक शोरूम नको. फुटपाथवर दोन लोखंडी पेट्या, पाण्याचं घमेलं आणि वर ताडपत्री असलेला माणूस हवा. वय साठीच्या पुढचं असेल तर उत्तम, कारण रॉड ब्रेक जुळवणारे हात आता फार थोडे उरलेत.

माझ्या वडिलांची हर्क्युलिस मी अशाच एका काकांकडे नेली. मी म्हटलं, "ओव्हरऑइलिंग करून द्या." ते काही बोलले नाहीत. सायकल उलटी केली, पायडल हाताने फिरवलं आणि सीटच्या नळीला कान लावला. मग मला म्हणाले, "तुम्ही लावा." मी कान लावला. आतून जात्यात खडा आल्यासारखी खरखर येत होती. त्यांनी दोन्ही कॉटर काढले, धुरा बाहेर घेतला आणि छर्रे डब्याच्या झाकणात रॉकेलमध्ये टाकले. एकेका बाजूचे अकरा. बोटाने फिरवत त्यातला एक उचलून उन्हात धरला. त्याच्यावर सुईच्या टोकाएवढा खड्डा होता.

"मग हा एक बदला," मी म्हटलं.

"असं नाही चालत, साहेब. बाकीचे झिजून बारीक झालेत. नवा घातला की सगळा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. अकराच्या अकरा बदलायचे."

ते ऐकेपर्यंत सायकल म्हणजे माझ्यासाठी वडिलांची आठवण होती. त्या दिवसापासून ती मला यंत्र म्हणूनही कळायला लागली.

मिस्त्रींकडून काय काय करून घ्यायचं, ते नवख्यांना माहीत हवं:

- छर्रे आणि ग्रीस. दोन्ही चाकं, मधला धुरा, हँडलचा कप, चारही जागा उघडून रॉकेलने धुवून नवीन ग्रीस. नुसतं वरून तेल सोडणं म्हणजे उपचार नव्हे, त्याने जुनी घाण आणखी आत जाते.
- कॉटर. पायडलाचा दांडा धुऱ्याला धरून ठेवणारी ही पाचर. पायडलाच्या प्रत्येक फेऱ्याला 'टक्' असा एकदा आवाज येत असेल तर कॉटर ढिला आहे. दोन बाजूंचे कॉटर उलटसुलट दिशेने बसवायचे असतात, नाहीतर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत. नवीन कॉटर पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडा आत बसतो आणि नट सैल पडतो. म्हणून नवीन कॉटर घालून थेट फेरीला येऊ नका. आठवडाभर चालवा, परत आवळून घ्या.
- ब्रेक. रॉड ब्रेकची रबरं रिमच्या कडेला लागत नाहीत, ती आतल्या बाजूने वर ओढली जातात. चाकाला आउट असेल, म्हणजे ते फिरताना डुगडुगत असेल, तर एका जागी घासतात आणि पुढच्या जागी लागतच नाहीत. आधी आउट काढा, मग ब्रेक जुळवा.
- टायर-ट्यूब. मोठ्या काळ्या सायकलीला बहुधा २८ गुणिले दीड इंच मापाचं लागतं, आणि ते आजही मिळतं. जुन्या टायरच्या बाजूला भेगा दिसल्या की मोह आवरा आणि टायर बदला. जुन्या पद्धतीच्या व्हॉलमधली (हवा भरायच्या तोंडातली) रबरी नळी वाळून तडकते, तिचे दोन-चार तुकडे खिशात ठेवा. आणि मोटरसायकलचा पंप या व्हॉलला बसत नाही, तेव्हा सायकलचा पंप वेगळा आणा.

एक गोष्ट मात्र करू देऊ नका, ती म्हणजे रंग. काळ्या मिन्यावर हाताने ओढलेली सोनेरी रेघ एकदा पॉलिशपेपरखाली गेली की गेली. गंजावर रॉकेलमध्ये भिजवलेलं सुती फडकं सावकाश चोळा, जेवढं निघेल तेवढं पुरे. चामडी सीट असेल तर ती तेलात बुडवू नका, लोंबायला लागते. खालच्या बाजूने चामड्याचं मेण पातळ लावा, आणि पुढचा नट आवळायचाच झाला तर पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको.

मिस्त्रींना पैसे पूर्ण द्या, घासाघीस करू नका. आणि त्यांना फेरीचं निमंत्रणही द्या, पेटीसकट. आमचे काका गेली तीन वर्षं सर्वांत पुढे असतात.

मार्ग

नवख्या गटासाठी सात-आठ किलोमीटर भरपूर झाले. चढ टाळा. गिअर नसलेल्या, वीस किलोच्या आसपास वजनाच्या सायकलीवर सत्तरीचे आजोबा बसलेत हे डोक्यात ठेवून रस्ता निवडा.

आम्ही सकाळी साडेसहाला शनिवारवाड्यापासून निघतो. शिवाजी रस्त्याने बेलबाग चौक, तिथून लक्ष्मी रस्ता, अलका चौक, लकडी पूल, डेक्कन आणि कर्वे रस्त्याने कर्वेनगर. शेवट तिथे करायचं कारण म्हणजे विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय. एका माणसाने आयुष्यभर जमवलेल्या सायकली तिथे पाहायला मिळतात. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची बीएसएही त्यात आहे. आधी फोन करून वेळ ठरवा, चाळीस माणसं अचानक दारात उभी करू नका. तुमच्या गावी संग्रहालय नसेल तर एखादी शाळा, जुनं दुकान, वाचनालयाचं अंगण शोधा. फेरीला पोचण्याचं ठिकाण हवं.

मार्ग ठरला की त्याच वारी, त्याच वेळी स्वतः एकदा सायकलने जाऊन या. खोदकाम, बंद केलेली वळणं, एकेरी रस्ते, भाजीच्या गाड्या, सगळं तेव्हाच कळतं. मग वाहतूक पोलीस शाखेला आणि हद्दीतल्या पोलीस ठाण्याला मार्ग, वेळ आणि अंदाजे संख्या लिहून निदान पंधरा दिवस आधी पत्र द्या आणि शिक्क्याची पोच घ्या.

वाटेत दोन किंवा तीनच थांबे ठेवा, आणि थांबा तिथेच घ्या जिथे सायकलचं काही सांगण्यासारखं असेल. आमचा पहिला थांबा सिटी पोस्टाशी. तिथे निवृत्त पोस्टमन बोलतात. पावसात पत्रांची पिशवी मेणकापडात कशी गुंडाळायची, कोणत्या वाड्याला किती पायऱ्या होत्या, हे ते न अडखळता सांगतात. दुसरा थांबा हुजूरपागेशी. १८८४ साली सुरू झालेली मुलींची ही शाळा लक्ष्मी रस्त्यावरच आहे. माझी आत्या या शाळेत सायकलने जायची, बिनदांडीची लेडीज सायकल, मागच्या चाकाला दोऱ्याची जाळी. ती पहिल्या वर्षी आमच्याबरोबर रिक्षाने आली आणि फाटकासमोर उभी राहून म्हणाली, "दादाला बाजारात पाठवायचे, मला नाही. सायकल आली आणि मग मलाच पाठवायला लागले." एवढंच. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात मोलाचं बोलणं ते होतं.

म्हणून सांगतो, थांब्यावर भाषण नको. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ड्राइसने पायांनी ढकलायची लाकडी दुचाकी बनवली, १८८५ च्या रोव्हरपासून सायकलला आजचा आकार आला, १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉपने हवेचा टायर केला, हे सगळं मुलांना जरूर सांगा, पण दोन मिनिटांत. उरलेला वेळ त्यांना द्या ज्यांनी सायकल वापरून आयुष्य काढलं. नगरपालिकेचा सायकल कराचा बिल्ला, डबलसीट जाताना चौकाच्या अलीकडे मारलेली उडी, रात्री दिवा नाही म्हणून पोलिसाने सोडलेली हवा, खडकीच्या कारखान्यांकडे निघालेली सायकलींची रांग, तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलवर नळीतून पाय घालून शिकलेलं हाफ पायडल. हे सांगणारी माणसं आत्ता आहेत.

पोशाख

धोतर, नऊवारी, खाकी अर्धी चड्डी, गांधी टोपी, पोलक्यावर स्वेटर, जे घरात कुणी खरोखर घालत होतं ते घाला. भाड्याचे जरीचे कपडे नकोत. सायकल ही कारकुनाची, मास्तरांची, नर्सची, कामगाराची गाडी होती, आणि त्यांचे कपडे साधे पण स्वच्छ असत. पोलिसांचा किंवा सैन्याचा गणवेश कुणालाही घालू देऊ नका.

धोतराचा सोगा आणि लेंग्याची उजवी बाजू सायकल क्लिपने किंवा साध्या रबराने घोट्याशी बांधाच. पदर कमरेला खोचून पिन लावायची. चेनकव्हर नसलेल्या सायकलवर नऊवारी नको, नऊवारी नेसलेल्यांना पूर्ण चेनकव्हरची सायकल द्या. आणि हेल्मेट सर्वांना. जुन्या काळी नव्हतं हे खरं, पण जुन्या काळी रस्त्यावर आजच्या गाड्याही नव्हत्या. फोटोसाठी टोपी घाला, निघताना हेल्मेट.

त्या सकाळी

सहाला सगळे हजर. मिस्त्री प्रत्येक सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून, हँडल हलवून, चाकाचे नट बघून मगच सायकल रांगेत सोडतात. त्यांनी "ही नको" म्हटलं की ती नको, मालक कितीही हिरमुसला तरी. ती सायकल शनिवारवाड्यापाशी प्रदर्शनात उभी राहील, तिच्या मालकासाठी एक सुस्थितीतली जादा सायकल ठेवा.

दहा-दहाच्या तुकड्या करा. प्रत्येक तुकडीला एक पुढारी आणि एक शेवटचा. शेवटच्याने कुणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही. वेग सर्वांत हळू सायकलचा, म्हणजे ताशी दहा-बारा किलोमीटर. रॉड ब्रेकची सायकल थांबायला वेळ घेते, म्हणून दोन सायकलींमध्ये निदान दोन सायकलींचं अंतर. पुढच्याने थांबताना हात दाखवायचा आणि तोंडाने "थांबतोय" म्हणायचं. घंटी आनंदासाठी वाजवायची नाही. रविवारी सकाळी पेठांत लोक झोपलेले असतात, आणि सगळ्यांनी वाजवली की खरी गरज असताना कुणी लक्ष देत नाही.

मिस्त्रींच्या कॅरिअरवर सोल्यूशन, ठिगळं, दोन ट्यूब, व्हॉलच्या नळ्या, चार कॉटर, पाने, हातोडी आणि पंप. मागे एक टेम्पो, त्यात पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि दमलेल्यांसाठी दोन खुर्च्या. मध्ये स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी पाहून ठेवा, वयस्कर मंडळी संकोचाने विचारत नाहीत आणि मग वाटेतून परत जातात.

शेवटी चहा-पोहे झाले की लगेच पांगू नका. एक वही ठेवा. प्रत्येक सायकलचं नाव, नंबर, कुणी घेतली, कुठे जायला वापरली, सध्या कुणाकडे आहे, एवढं मालकाच्या हाताने लिहून घ्या आणि सायकलबरोबर त्याचा फोटो काढा. आमच्या वहीत आता सत्तरच्या वर नोंदी आहेत. त्यातले पाच मालक आता नाहीत, त्यांच्या नोंदींच्या प्रती आम्ही घरच्यांना नेऊन दिल्या.

घरी गेल्यावर सायकल कोरड्या फडक्याने पुसा, चेनला तेलाचे थेंब द्या, आणि त्याच आठवड्यात कॉटरचे नट परत एकदा आवळून आणा. सायकल उसनी आणली असेल तर हवा भरून परत करा.